गाडीमागचा घोडा

इ. स. १८३६ च्या सप्टेंबर महिन्यांत इंग्लंडांतील डॉनकॅस्टर येथें सेंट लेजर ही प्रख्यात शर्यत व्हावयाची होती. तिच्यावर पैसे लावणाऱ्या मंडळींनीं एक घोडा आपल्या हिशेबांतून जवळजवळ वजा करून टाकला होता. त्याचें नांव एलिस. घोड्याच्या गुणाविषयीं कोणास शंका नव्हती. त्याच वर्षीं न्यूमार्केटच्या टू थाउजंड गिनीज या शर्यतींत तो दुसरा आला होता. परंतु सेंट लेजर अवघ्या कांहीं दिवसांवर आली असतां एलिस अद्यापि दक्षिणेस ससेक्स परगण्यांत गुडवुडच्या पागेंत बांधलेला आहे, ही बातमी पक्की होती. गुडवुडहून डॉनकॅस्टर सुमारें अडीचशें मैल. त्या काळीं शर्यतीचा घोडा पायींच नेत, आणि दिवसास पंधरा-सोळा मैलांहून अधिक मजल त्यास करूं देत नसत. नाहीं तर शर्यतीसाठीं राखलेला दम रस्त्यावरच सांडून जाई. म्हणजे हा पंधरवड्याचा प्रवास झाला. उरलेल्या दिवसांत तो होणें शक्य नव्हतें, म्हणून एलिसवरचा भाव चढत गेला.

एलिसचीं सूत्रें ज्याच्या हातीं होतीं तो लॉर्ड जॉर्ज बेंटिंक म्हणजे, सतीची चाल कायद्यानें बंद करणारा गव्हर्नर जनरल म्हणून आमच्याकडील शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असलेल्या लॉर्ड विल्यम बेंटिंकचा सख्खा पुतण्या. काकानें नांव मिळविलें तें हिंदुस्थानांतील सुधारणांनीं, पुतण्यानें तें शर्यतीच्या मैदानावर मिळविलें. पुढें पार्लमेंटांतहि डिझ्रायलीचा सहकारी म्हणून तो गाजला, परंतु तो आजचा विषय नव्हे. मनाजोगा भाव पदरांत पडल्यावर लॉर्ड जॉर्जनें आपला डाव उघड केला. लंडनच्या लाँग एकर भागांतील हेरिंग नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराकडून त्यानें एक भक्कम बंद गाडी तयार करवून घेतली होती. आंतून तिला गाद्यांचें अस्तर होतें. तींत एलिस व त्याचा सोबती द ड्रमर या दोघांस चढविण्यांत आलें, पुढें सहा घोडे जुंपण्यांत आले, आणि टप्प्याटप्प्यावर ते बदलीत गाडी तीन दिवसांत डॉनकॅस्टरला जाऊन थडकली. वाटेंत लिचफील्डच्या मैदानावर एलिसचे पाय तेवढे मोकळे करून घेतले होते. शर्यतीच्या दिवशीं तो ताज्या दमानें धांवला व पहिला आला.

घोडा गाडींत घालून नेण्याची कल्पना लॉर्ड जॉर्जच्या डोक्यांतून प्रथम निघाली असें मात्र नव्हे. एक्लिप्स हा अजिंक्य घोडा म्हातारपणीं पायांनीं अधू झाला, तेव्हां १७८८ सालीं त्यास एप्सम येथून गाडींतूनच दुसऱ्या मुक्कामीं हलविलें होतें. १८१६ सालीं सॉव्हरिन नांवाचा एक घोडा पुष्ट बैल प्रदर्शनास नेण्याच्या गाडींत घालून न्यूमार्केटला पोंचविण्यांत आला होता. परंतु एलिसच्या विजयानें ही गोष्ट सर्वतोमुखीं झाली, आणि तेव्हांपासून धनिकांच्या पागांतून अशा गाड्या दिसूं लागल्या.

शर्यतींच्या इतिहासकारांस या कथेंत सट्ट्याची चतुराई दिसते. आमचें लक्ष मात्र त्या सहा घोड्यांकडे जातें. दोन घोडे न्यावयाचे तर सहा घोडे पुढें जुंपावयाचे, हें प्रमाण नुसत्या वेगासाठीं नव्हतें. चार चाकांची जड गाडी चढावर ओढणें एक वेळ सोपें, उतारावर ती आवरणें कठीण, ही गोष्ट त्या काळच्या प्रत्येक गाडीवानास पाठ होती. चाकांजवळच्या जोडीच्या पुठ्ठ्यांवरून जाणारा चामड्याचा पट्टा गाडीस मागें रेटून धरण्यासाठींच असे. मोठा उतार आला कीं चाकाखालीं लोखंडी तळवा सरकवून चाकच बंद करीत. ओढणाऱ्याचें खरें काम ओढण्यापेक्षां थोपविण्याचें आहे, हें ज्ञान घोड्याच्या युगांत सर्वांस होतें. मोटारीचें युग आलें आणि तें हळूहळू विसरलें गेलें, असें आम्हांस वाटतें. आज ज्या कुटुंबाच्या घरीं घोडा किंवा मुलांचें तट्टू आहे, आणि तें मोटारीमागें ट्रेलर जोडून न्यावयाचें आहे, त्या कुटुंबानें मोटार निवडावी कशी, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे बहुतांशीं या विस्मरणाचा व पुनःस्मरणाचा इतिहास आहे. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या दारीं घोडा बांधलेला असेल हें आम्ही जाणून आहों. तथापि इंग्लंडांत व अमेरिकेंत हा प्रश्न हजारों घरांतून विचारला जातो, आणि एकाच वाहनानें घरचें व बाहेरचें असे दोन संसार संभाळावे कसे, ही अडचण कांहीं घोडेवाल्यांचीच नव्हे.

आमच्या महाराष्ट्राच्या इतिहासांत घोडा हें ओझें कधींच नव्हतें. भीमथडीचें तट्टू दख्खनच्या खडकाळ वाटा तुडवीत उत्तरेंत गेलें तें आपल्या चार पायांवर. बारगीर काय किंवा शिलेदार काय, घोड्यास गाडींत बसवून लढाईला नेण्याची कल्पना त्यास वेडगळपणाची वाटली असती. घोडा दुसऱ्यानें वाहून आणलेला आमच्याकडे दिसे तो बंदरावर: बसऱ्याहून गलबतांत चढविलेले अरबी घोडे मुंबईस उतरत, आणि भायखळ्याच्या अरबी तबेल्यांतून त्यांची खरेदी-विक्री चाले. पुढें १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईच्या घोड्यांस पुण्याची वाट सुगम झाली. पावसाळ्यांत पुण्यास व हिंवाळ्यांत महालक्ष्मीस शर्यती, हा जो परिपाठ पडला आहे, त्याच्या मुळाशीं घोडा घाटावर न थकतां चढविण्याची ही सोय आहे.

इंग्लंडांतहि लॉर्ड जॉर्जच्या गाडीचें आयुष्य आगगाडीनेंच आंखूड केलें. लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग १८३० सालीं सुरू झाला होता, आणि पुढील वीस वर्षांत रुळांचें जाळें देशभर पसरलें. घोड्यांसाठीं वेगळे डबे निघाले. एका डब्यांत सामान्यतः तीन घोडे, शेजारीं मोतद्दारासाठीं लहानशी खोली, आणि मधल्या भिंतींत घोड्यांकडे पाहण्यास खिडकी. हा डबा मालगाडीस नव्हे तर उतारूंच्या गाडीस जोडीत, हें विशेष. या व्यवस्थेंत घोडेवाल्यास ओढण्याची व आवरण्याची कांहींच चिंता नव्हती. इंजिन कंपनीचें, ब्रेक कंपनीचे, रूळ सरळ, चढ सौम्य. सुमारें ऐंशीं वर्षें इंग्लंडांतील घोडा अशा बिनघोर रीतीनें फिरला. आणि जें ज्ञान पूर्वीं गाडीवानाच्या मनगटांत होतें, तें या मुदतींत मालकांच्या घरांतून नाहींसें झालें.

पुढें मोटार आली. रेडिंग येथील व्हिन्सेंट या गाड्या बांधणाऱ्या पेढीनें १९१२ च्या सुमारास इंजिनानें चालणारी घोड्यांची गाडी तयार केली. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराचे निकालांत काढलेले लॉरींचे सांगाडे बाजारांत आले आणि अशा गाड्यांची संख्या वाढली. त्या स्टेशनापर्यंत नव्हे, तर पागेच्या दारापासून मैदानाच्या दारापर्यंत जात. पण अशी गाडी बाळगणें श्रीमंतांचें काम. मध्यम स्थितीच्या माणसास खरी वाट मोकळी झाली ती ट्रेलरनें. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या पाठीशीं आंकड्यानें जोडलेली बिनइंजिनाची गाडी. तिला स्वतःचें इंजिन नाहीं आणि वेगळा ड्रायव्हर नको; सोमवारीं मुलांस शाळेंत पोंचविणारी मोटारच शनिवारीं तिला ओढते. १९२९ सालीं इंग्लंडांत मुलांस घोडेस्वारी शिकविणारा पोनी क्लब निघाला. घोडेस्वारी ही जमीनदारांच्या वाड्यांतून डॉक्टर-वकिलांच्या घरांत उतरण्याचा हा काळ. ट्रेलरचा प्रसार त्याच ओघांत झाला, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाहीं. मुलीस तट्टू घेऊन दिलें, आतां तें स्पर्धेला न्यावयाचें कसें? हा प्रश्न बापाच्या कमाईचा होता, आणि त्याचें उत्तर दारांत उभ्या असलेल्या मोटारींतच शोधणें भाग होतें.

ती मोटार मात्र या कामासाठीं कोणी बनविली नव्हती. चार माणसें व दोन पेट्या यांच्या हिशेबानें घातलेले स्प्रिंगचे पाटे, तेवढ्याच भारासाठीं बसविलेले ब्रेक, आणि मागें हा जिवंत डोंगर! चढावर इंजिन तापे, उतारावर ब्रेक तापत. एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. इंजिनाची शक्ति मोजण्यास जेम्स वॉटनें जें माप ठरविलें तें घोड्यावरूनच: मिनिटास ३३,००० फूट-पौंड म्हणजे एक अश्वशक्ति. वीस-तीस अश्वशक्तीच्या मोटारीस एक खरा घोडा जड व्हावा, यावरून त्या मापानें काय मोजलें जातें व काय मोजलें जात नाहीं, तें उघड होतें.

या अडचणींतून पहिली सुटका झाली ती शेतावरून. रोव्हर कंपनीचा मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स याची वेल्समधील अँगलसी बेटावर शेती होती. तेथें तो युद्धांतून उरलेली अमेरिकन जीप वापरी. ती मोडली म्हणजे तिच्या जागीं घेण्यासारखी देशी गाडी नाहीं, या विचारांतून लँड रोव्हरचा जन्म झाला. ३० एप्रिल १९४८ रोजीं अँमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत ती प्रथम दिसली. चारी चाकांस गति, सुमारें पन्नास अश्वशक्तीचें इंजिन, आणि पोलादाची टंचाई म्हणून अंग ॲल्युमिनियमचें. चिखलाच्या मैदानांतून घोड्याचा ट्रेलर बाहेर काढणारी अशी गाडी सामान्य माणसाच्या हातीं प्रथमच आली. पण तिला कुटुंबाची गाडी म्हणणें म्हणजे बैलगाडीस मेणा म्हणण्यासारखें होतें. छप्पर कापडी, बैठका फळीसारख्या, आंत वारा मोकळा.

हिला कुटुंबासाठीं सजविण्याचा पहिला प्रयत्न लगेच त्याच वर्षीं झाला. टिकफर्ड या पेढीनें लाकडी सांगाड्यावर बंद अंग चढवून सात जणांच्या बैठकीची लँड रोव्हर तयार केली. वस्तु चांगली होती. तिचा घात केला सरकारी करानें. उघडी लँड रोव्हर ही शेताचें अवजार, म्हणून तिच्यावर खरेदी-कर नव्हता. सात माणसें सुखानें बसतील अशी केल्याबरोबर ती चैनीची मोटार ठरली आणि तिच्यावर कर बसला. १९५१ पर्यंत अशा सातशेंहूनहि कमी गाड्या झाल्या व काम बंद पडलें. पुढें याच कंपनीनें लांब सांगाड्यावर बारा जणांच्या दाटीवाटीच्या बैठका घालून ती गाडी बसच्या सदरांत बसविली व कर चुकविला. बारा बैठकींच्या त्या गाड्यांतून बाराजण क्वचितच बसले असतील. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें यंत्रांच्या नकाशांइतकेंच कराच्या कोष्टकांकडेहि लक्ष द्यावें, असें आम्ही आमच्या वर्गांत नेहमीं सांगतों. याहून चांगलें उदाहरण आम्हांस सांपडलें नाहीं.

खरा बदल १९७० च्या जून महिन्यांत झाला. त्या वेळीं रेंज रोव्हर बाजारांत आली. चार्ल्स स्पेन्सर किंग व गॉर्डन बॅशफर्ड हे तिचे मुख्य रचनाकार. अमेरिकेंतील ब्यूइक गाडीसाठीं निघालेलें, पण तेथें टाकून दिलेलें साडेतीन लिटरचें आठ नळकांड्यांचें हलकें इंजिन रोव्हरनें विकत घेतलें होतें. तेंच हिला बसविलें. लोकांनीं त्या इंजिनाच्या १३५ अश्वशक्तीचें कौतुक केलें. आमच्या मतें कौतुक करावयाचें तें तीन दुसऱ्या गोष्टींचें. पहिली, चारी चाकांस डिस्क ब्रेक. त्या काळच्या अशा गाड्यांत ही नवलाईच होती. दुसरी, मागच्या आंसावर बसविलेलें, भार पडला तरी गाडीची शेपटी आपोआप समपातळीवर ठेवणारें साधन. तिसरी, चारी चाकांस कायम मिळणारी गति. या तिन्ही गोष्टी ओढण्यापेक्षां संभाळण्याच्या आहेत. जुन्या गाडीवानाच्या हातचा चामड्याचा पट्टा व लोखंडी तळवा दीड शतकानें वेगळ्या रूपानें परत आला तो येथें. आंतल्या बैठका पाण्यानें धुतां याव्या अशा होत्या, हेंहि घोडेवाल्यांच्या दृष्टीनें लहान सुख नव्हे. दारें मात्र दोनच! लहान मुलांस मागच्या बैठकीवर चढवितांना आयांनीं काय म्हटलें असेल तें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. पण कंपनीनें चार दारांची गाडी काढली ती १९८१ सालीं.

अमेरिकेची कहाणी निराळ्या वाटेनें गेली. तेथें देशाचा विस्तारच असा कीं कौटुंबिक मोटार पहिल्यापासूनच थोराड. १९३५ सालीं शेव्हरोलेनें अर्ध्या टनी ट्रकच्या सांगाड्यावर पोलादी अंग बसवून आठ जणांची सबर्बन गाडी काढली. १९६३ ची जीप वॅगोनिअर ही चार चाकांची गति व आपोआप बदलणारे गिअर एकत्र देणारी पहिली कौटुंबिक गाडी. त्याखेरीज साध्या स्टेशन वॅगन मोटारीहि इतक्या जड व आठ नळकांड्यांच्या असत कीं दोन घोड्यांचा ट्रेलर त्यांमागें जोडण्यांत कोणास विशेष वाटत नसे. १९७३ च्या तेलाच्या टंचाईनें हें चित्र पालटलें. १९७५ च्या कायद्यानें मोटारींनीं गॅलनमागें किती मैल गेलें पाहिजे याची अट घातली; ट्रकच्या सदरांतील गाड्यांस ती अट सौम्य ठेवली. परिणाम असा कीं मोठी स्टेशन वॅगन हळूहळू नाहींशी झाली, आणि कुटुंबें ट्रकच्या सदरांतील उंच गाड्यांकडे वळलीं. तेल वांचावें म्हणून केलेल्या कायद्यानें लोकांस अधिक तेल पिणाऱ्या गाड्यांत बसविलें, हा त्यांतील विनोद. घोडेवाल्यास मात्र त्यामुळें मोटारींच्या जाहिरातींत पुन्हां मान मिळाला. डोंगर, तळें आणि मागें घोड्याचा ट्रेलर हें चित्र दाखवून विकलेल्या किती गाड्यांनीं प्रत्यक्षांत घोडा पाहिला असेल, याची आम्हांस शंका आहे.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे येऊं. मध्यम बांध्याचा घोडा भरतो सुमारें ५०० किलो. दोन घोड्यांच्या रिकाम्या ट्रेलरचें वजन साधारणपणें ९०० ते १००० किलो. म्हणजे दोन घोडे, खोगिरें व गवत धरून मागचें ओझें दोन टनांवर जातें. उलट मध्यमवर्गीय कुटुंबाची नेहमींची मोटार दीड टनाच्या आसपास. इंग्लंडांत नवशिक्यांस असें सांगण्याचा प्रघात आहे कीं ट्रेलरचें भरलेलें वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या शेंकडा ८५ हून अधिक असूं नये. हा कायदा नव्हे, अनुभवाचा सल्ला आहे. तो मानला तर दोन टनांच्या ओझ्यापुढें सुमारें २,३५० किलोची गाडी पाहिजे. एका घोड्याचें लहान ट्रेलरसह ओझें १,३०० किलो धरलें तर दीड टनाहून किंचित जड मोटार पुरते. येथेंच बहुतेक कुटुंबांचा निर्णय होऊन जातो, किंवा व्हावयास पाहिजे. एकच घोडा असलेल्या माणसानें केवळ हौसेनें दोन घोड्यांचा ट्रेलर घेतला कीं त्याच्यामागें तेवढ्या मोठ्या मोटारीचा खर्च आपोआप लागतो, आणि तो आठवड्याचे सातहि दिवस लागतो.

विक्रेते सांगतात तो आंकडा निराळाच. ही गाडी ३,५०० किलो ओढते, असें ते अभिमानानें सांगतात. हा आंकडा येतो कोठून? युरोपांतील नियमाप्रमाणें भरलेल्या ट्रेलरसह शेंकडा १२ च्या चढावर पांच मिनिटांत पांच वेळां थांबून पुन्हां निघतां आलें पाहिजे. जेवढ्या ओझ्यानें हें साधतें, त्याच्या आंतच ओढण्याची मर्यादा ठरवावी लागते. चढावर! ब्रेकांचे नियम वेगळे आहेत हें खरें. तरी जो आंकडा गिऱ्हाइकाच्या तोंडीं बसतो तो चढाचा आहे, उताराचा नव्हे. ओलसर रस्त्यावर, उतारावर, वळणांत दोन टनांचा लोलक मागें डोलूं लागला म्हणजे गाडीवर काय गुदरतें, तें त्या आंकड्यांत नाहीं. हें डोलणें भयंकर असतें. ट्रेलरची शेपटी एका बाजूस गेली कीं ती मोटारीची शेपटी उलट बाजूस लोटते. वेग अधिक असेल तर प्रत्येक झोका आधींच्याहून मोठा. अशा वेळीं उपयोगीं पडतें तें मोटारीचें स्वतःचें वजन, पुढच्या-मागच्या चाकांतील लांब अंतर, आणि मागच्या चाकापासून आंकड्यापर्यंतचें थोडें अंतर. हीं मापें जाहिरातींत कोणी छापीत नाहीं. गिऱ्हाइकानें स्वतः फूटपट्टी घेऊन पाहावीं.

त्यांतहि हें ओझें निर्जीव नव्हे. विटा भरलेला ट्रेलर आणि घोडा भरलेला ट्रेलर वजनानें सारखे असले तरी वागण्यांत सारखे नाहींत. घोड्याचा भार उंचावर असतो, आणि तो हलतो. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारें शेंकडा ६० भाग पुढच्या पायांवर पडतो. त्यास रस्ता दिसत नाहीं. ब्रेक केव्हां लागणार, वळण केव्हां येणार, हें त्यास आधीं कळत नाहीं. झटका बसला कीं मग तो पाय फांकून तोल सांवरतो. चालकानें एकाएकीं ब्रेक दाबला तर तोंड पुढें करून उभा असलेला घोडा छातीच्या आडव्या दांडीवर जाऊन आदळतो. कांहींजण म्हणूनच घोड्यास पाठमोरा उभा करण्याचे ट्रेलर वापरतात; त्याच्या पुठ्ठ्याचे स्नायू धक्का घेण्यास अधिक समर्थ, असें त्यांचें म्हणणें. या वादाचा शेवट झालेला नाहीं. वादांत न पडतां एवढें म्हणतां येईल कीं जी मोटार सावकाश, झटका न देतां निघते व तशीच थांबते, ती घोड्यास चांगली. यासाठीं इंजिनाचा पीळ कमी फेऱ्यांतच मिळाला पाहिजे. डिझेल इंजिनास घोडेवाल्यांनीं जवळ केलें तें या गुणामुळें. क्लचच्या धक्क्यांतून वांचविणारे स्वयंचलित गिअरहि त्याच कारणानें चांगले. घरांतील ज्या व्यक्तीच्या हातीं मोटार अधिक वेळ असते, बहुधा आईच्या, तिला ती मागें घेतां येते किंवा नाहीं, हेंहि पाहावें. ट्रेलर मागें घेतांना चाक उलट फिरवावें लागतें, आणि भोंवतीं शंभर माणसें पाहत असतात.

कायद्यानेंहि या प्रश्नांत उडी घेतली आहे. ब्रिटनमध्यें १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा नव्यानें उत्तीर्ण होणारांस जड ट्रेलर ओढण्यासाठीं दुसरी परीक्षा द्यावी लागे. जोडणें, सोडणें, मागें घेणें हें सर्व परीक्षकासमोर करून दाखवावें लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ही अट काढून टाकण्यांत आली, आणि मोटारीचा परवाना असलेल्या कोणासहि ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. कारण काय? तर देशांत लॉरी-चालकांची टंचाई पडली होती, आणि ट्रेलरच्या परीक्षेंत गुंतलेले परीक्षक लॉरीच्या परीक्षांसाठीं मोकळे करावयाचे होते. आम्हांस हा निर्णय रुचला नाहीं. मागें जीव आहे आणि पुढेंहि मुलें बसलीं आहेत, अशा गाडीचें चाक न शिकलेल्या हातीं देणें ही सोय असेल, शहाणपण नव्हे. सरकारनें परीक्षा काढली तरी शिक्षण घेण्यास कोणाची बंदी नाहीं. ज्या कुटुंबांनीं परीक्षा नसतांहि एक-दोन दिवस शिक्षकापाशीं काढले, त्यांनीं मोटारीवर खर्च केलेल्या पैशापेक्षां तो पैसा अधिक चांगला लावला असें आम्ही म्हणूं. वर्षांतून तीन-चार वेळांच घोडा न्यावयाचा असेल तर मोठी मोटार घेण्याऐवजीं घोडे वाहून नेणाऱ्यास भाडें द्यावें, हाहि हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लॉर्ड जॉर्जची गाडी बंद पडल्यावर आगगाडीच्या काळांत ऐंशीं वर्षें सर्वांनीं तेंच केलें होतें.

अलीकडे विजेच्या मोटारींनीं हा प्रश्न पुन्हां नव्यानें मांडला आहे. एका दृष्टीनें त्या या कामास जन्मजात योग्य आहेत. बॅटरीमुळें त्या जड. भार खालीं असल्यानें स्थिर. विजेच्या मोटरचा पीळ पहिल्या क्षणापासून पुरा. गिअरचा धक्का नाहीं. आणि उतारावर मोटर स्वतःच गाडीस मागें रेटून धरते व त्या रेट्यांतून पुन्हां वीज करते. गाडीवानाच्या पट्ट्याचा इतका हुबेहुब वारस दुसरा निघाला नव्हता. अडचण आहे ती पल्ल्याची. ट्रेलर जोडला कीं एका भरणींत जाण्याचें अंतर जवळजवळ निम्म्यावर येतें. लॉर्ड जॉर्जचे सहा घोडे टप्प्यावर बदलले जात, या मोटारीची बॅटरी टप्प्यावर भरावी लागते. पण घोडे बदलण्यास कांहीं मिनिटें पुरत, आणि त्यासाठीं मागची गाडी सोडावी लागत नसे. आजच्या बहुतेक वीज-भरणीच्या जागा एकट्या मोटारीच्या मापानें आंखलेल्या आहेत. ट्रेलर सोडून कोठें तरी उभा करावा, मोटार आंत घालावी, आणि तेवढा वेळ कुटुंबांतील एकानें घोड्याजवळ उभें राहावें, अशी तेथील रीत आहे. मोटार ट्रेलरसकट एका बाजूनें आंत शिरून दुसऱ्या बाजूनें बाहेर पडेल अशा कांहीं जागा नव्यानें बांधल्या जात आहेत. त्यांची संख्या अद्यापि थोडी आहे.